मदतीची वेळ

व्यसनी माणसाच्या घरच्यांना हल्ली जो सल्ला सगळीकडून मिळतो, तो दोन वाक्यांत संपतो. तुम्ही त्याला वाचवू शकत नाही, आधी स्वतःला वाचवा. आणि त्याला तळ गाठू द्या, त्याशिवाय तो उपचाराला तयार होणार नाही. रविवारच्या पुरवण्यांतली सदरं, मिनिटभराचे व्हिडिओ, समुपदेशनाचा छोटा अभ्यासक्रम करून बसलेली माणसं, सगळ्यांच्या तोंडी हेच. जोडीला 'एनेबलिंग', 'बाउंड्री', 'टॉक्सिक', 'को-डिपेंडंट' हे शब्द येतात आणि जिने वर्षानुवर्षं संसार ओढला, तिला एका बैठकीत सांगितलं जातं की नवऱ्याइतकीच तीही आजारी आहे. सल्ला देणाऱ्यांचा हेतू वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण सल्ला उथळ आहे, आणि ज्या घरावर तो येऊन पडतो तिथे त्याचे परिणाम उथळ राहत नाहीत.

या सल्ल्याला श्रोते का मिळाले, हे समजण्यासारखं आहे. दारूच्या बाबतीत मराठी घरापुढे एकच स्त्री आदर्श म्हणून ठेवली गेली, ती 'एकच प्याला'मधली सिंधू. १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या त्या नाटकाने दारूची भीषणता जितकी ठसवली, तितकंच हेही ठसवलं की चांगली बायको सोसते, दळणकांडण करून पोट भरते आणि नवऱ्याविरुद्ध अवाक्षर काढत नाही. त्यानंतरच्या किती पिढ्यांना 'पदरी पडलं पवित्र झालं' ऐकवलं गेलं, ते वेगळं सांगायला नको. त्या शिकवणीनंतर 'सोड त्याला, तुझं बघ' हे ऐकून कुणाला मोकळं वाटलं, तर त्यात नवल नाही. मात्र जुनी शिकवण आणि नवा सल्ला यांचा पाया एकच आहे. दोघांनाही वाटतं की प्रश्न मदत करायची की नाही आणि करायची तर किती, एवढाच आहे. एकीचं उत्तर 'सगळी', दुसऱ्याचं 'मुळीच नाही'. माझं म्हणणं असं की प्रमाणाचा प्रश्न गौण आहे. खरा प्रश्न वेळेचा आहे. घरची माया, पैसा, लक्ष आणि शब्द पिण्याच्या घटकेला पोचतात की न पिण्याच्या घटकेला, यावर त्या मदतीचं बरंवाईट ठरतं.

इतर काही मतं बाजूला ठेवून पुढे जातो. 'मनात आणलं तर एका दिवसात सुटेल' हे म्हणणं व्यसनाचा आजार म्हणून झालेला सगळा अभ्यास न वाचता केलेलं आहे. दारूबंदीचा वाद, मग तो गडचिरोलीचा १९९३ पासूनचा असो, चंद्रपुरात २०१५ ला आलेल्या आणि २०२१ मध्ये उठलेल्या बंदीचा असो, की गावोगावच्या बायकांनी मतदान करून आडव्या केलेल्या बाटलीचा, तो पुरवठ्याचा वाद आहे. मला त्याबद्दल आदर आहे, पण दुकान बंद झालं तरी घरात बसलेल्या माणसाशी आज संध्याकाळी कसं वागायचं हे त्यातून कळत नाही. माळ घातल्यावर सुटली, असंही पुष्कळांच्या बाबतीत घडतं आणि ते खरं असतं. ज्यांची सुटत नाही त्यांच्या घरच्यांना त्याचा उपयोग नाही.

आता मूळ मुद्दा. घरचा माणूसही रोगीच असतो, ही कल्पना विज्ञानातून निघालेली नाही, हे आधी लक्षात घ्यायला हवं. अमेरिकेत १९५३ साली थेल्मा व्हेलन या समाजसेविकेने दारुड्यांच्या बायकांचे चार स्वभावप्रकार मांडले: एकीला दुःख हवं असतं, एकीला ताबा हवा असतो, एक डळमळीत, एक शिक्षा देणारी. म्हणजे नवऱ्याच्या पिण्यातून बायकोची काहीतरी आतली गरज भागते, असा तो निष्कर्ष. पुढच्याच वर्षी जोन जॅक्सन यांनी उलट बाजू मांडली. ज्या बायकांचं वागणं विकृत म्हणून दाखवलं जात होतं, ते वर्षानुवर्षांच्या संकटाशी जुळवून घेताना टप्प्याटप्प्याने घडलेलं वागणं होतं. संकट आधी, स्वभाव नंतर. इंग्लंडमध्ये जिम ऑर्फर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढची काही दशकं हाच धागा धरला आणि अशा घरांकडे ताण सोसणारी सामान्य माणसं म्हणून पाहिलं. तरी १९८६ मध्ये 'को-डिपेंडन्सी' हा शब्द मेलडी बीटी यांच्या पुस्तकातून घरोघरी पोचला. त्याच वर्षी टिमेन सर्माक यांनी तिला व्यक्तिमत्त्वाच्या विकारांच्या अधिकृत यादीत बसवायचा प्रस्ताव मांडला. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत तो विकार आजवर आलेला नाही. पुस्तक मात्र खपलं, आणि खपलेलं पुस्तक हे सिद्ध झालेल्या निदानाहून जास्त दूर जातं. आपल्याकडे पोचताना तर त्यातला सगळा संदर्भ गळून गेला. ज्या समाजात बाईला वेगळं घर, वेगळं खातं, वेगळं रेशनकार्ड सहज मिळत नाही, तिथे तिने नवऱ्यासोबत राहण्याला तिचा मनोविकार म्हणणं ही अभ्यासाची चूक तर आहेच, शिवाय अन्यायही आहे.

'तळ गाठू द्या' या दुसऱ्या वाक्याबद्दल मला जास्त बोलायचं आहे, कारण ते अनुभवाचे बोल म्हणून सांगितलं जातं. सुधारलेली माणसं सभेत उभी राहतात आणि म्हणतात, सगळं गेलं तेव्हा मी थांबलो. ते खरं बोलतात. पण त्या सभेत ज्यांचं सगळं गेलं आणि तरी ते थांबले नाहीत, ते बोलायला येत नाहीत. त्यातले पुष्कळ हयातही नसतात. तळ कुठे होता हे वर आल्यावरच कळतं. जो वर आला नाही त्याच्या बाबतीत तळ हा शब्दच लागू पडत नाही. म्हणजे हा सल्ला ज्या पुराव्यावर उभा आहे, तो पुरावा फक्त वाचलेल्यांचा आहे. शिवाय शरीराची गोष्ट वेगळीच. रोज भरपूर पिणाऱ्याने कधी खिसा रिकामा झाल्यामुळे, कधी घरच्यांनी खोलीत कोंडल्यामुळे एकदम पिणं थांबवलं, तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमाराला भास, थरथर आणि भ्रमिष्टपणाची अवस्था येऊ शकते, आणि उपचार मिळाले नाहीत तर ती जीवघेणी ठरू शकते. तळ गाठण्याची वाट पाहणाऱ्या घराला हे सहसा कुणी सांगितलेलं नसतं. आणखी एक गोष्ट. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या नावावर हा सल्ला खपवला जातो, पण त्या संघटनेच्या १९५३ च्या पुस्तकातच, आधीच्या सभासदांनी जो तळ गाठला तो नव्यांसाठी वर आणता येतो, असं मांडलेलं आहे. ज्यांच्याकडून हा शब्द आला त्यांनी तो इतका आंधळेपणाने वापरलेला नाही.

आपल्या परिस्थितीत तर तळाचा हिशेबच वेगळा आहे. पिणाऱ्याच्या आधी त्याचं घर तळाला जातं. आधी मुलीची फी थकते, मग बायकोचं मंगळसूत्र सराफाकडे जातं, मग दुकानदार उधारी बंद करतो, भिशीचे हप्ते चुकतात, शेवटी घरभाडं. या सगळ्या काळात त्या माणसाला संध्याकाळची क्वार्टर कुठून ना कुठून मिळत असते. ज्याचं नुकसान व्हावं म्हणून वाट पाहायची, त्याचं नुकसान सगळ्यात शेवटी होतं. केंद्र सरकारसाठी 'एम्स'ने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात सुमारे २.९ कोटी माणसं दारूवर अवलंबून असल्याचं दिसलं. त्यांतल्या ३८ जणांमागे एकाला काही ना काही उपचार मिळाल्याचं नोंदलं गेलं, आणि रुग्णालयात दाखल होऊन उपचार घेणारा १८० जणांमागे एक. उरलेल्या सदतीस जणांचा तळ अजून यायचा आहे म्हणून ते बाहेर आहेत, असं मानायला काय आधार आहे? उपचारापर्यंत पोचवणारं कुणी नाही, हे कारण मला अधिक पटतं. आणि पोचवू शकणारं माणूस बहुतेक वेळा घरातच असतं.

ते पोचवू शकतं का, याचा पुरावा आहे. न्यू मेक्सिको विद्यापीठात रॉबर्ट मेयर्स आणि सहकाऱ्यांनी घरच्यांना शिकवायची एक पद्धत विकसित केली. विल्यम मिलर यांच्यासह त्यांनी केलेला अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. उपचाराला ठाम नकार देणाऱ्या दारुड्यांच्या १३० नातेवाइकांचे, बहुतेक स्त्रियांचे, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गट केले. एका गटाला अल-अनॉन या पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठीच्या संघटनेच्या धर्तीचं मार्गदर्शन: तुम्ही हे घडवलं नाही, तुम्ही हे थांबवू शकत नाही, प्रेमाने अलिप्त व्हा. दुसऱ्या गटाला सगळ्या कुटुंबाने जमून त्याला एकदाच जाब विचारण्याची जॉन्सन पद्धत. तिसऱ्याला मेयर्स यांची पद्धत. पहिल्या गटातल्या १३ टक्के, दुसऱ्यातल्या ३० टक्के आणि तिसऱ्या गटातल्या ६४ टक्के नातेवाइकांची माणसं उपचाराला आली. जाब विचारण्याच्या पद्धतीत तर बहुसंख्य घरांनी तो प्रसंग घडवायचंच टाळलं, आणि त्याबद्दल त्यांना दोष देता येत नाही. इथे दोन गोष्टी प्रामाणिकपणे सांगितल्या पाहिजेत. उपचाराला येणं म्हणजे बरं होणं नव्हे. आणि अल-अनॉनचा हेतू पिणाऱ्याला उपचाराला आणणं हा नाहीच, तेव्हा त्या १३ टक्क्यांवरून त्या संघटनेला नापास करणं चूक ठरेल. पण मला याच अभ्यासातला एक कमी सांगितला जाणारा निष्कर्ष सगळ्यात मोलाचा वाटतो. तिन्ही गटांतल्या नातेवाइकांचं स्वतःचं नैराश्य, चीड आणि घरातला ताण साधारण सारख्याच प्रमाणात कमी झाला. म्हणजे 'आधी स्वतःला वाचवा की त्याला' ही निवड करायला लावण्याचं कारणच उरत नाही. त्याच्यासाठी कामाला लागलेल्या बायकांनी आपलं काही जास्तीचं गमावलं नाही.

मग तिसऱ्या गटाला शिकवलं काय? वरवर पाहता फार साध्या गोष्टी. माझ्या मते त्या सगळ्यांचं सार वेळेच्या भेदात आहे. नेहमीच्या घरातली एक संध्याकाळ पाहावी. सातपासून कान दाराकडे. तो पिऊन येतो. मग ओरडाआरडा, मुलाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ, ताट भिरकावणं, ओकारी साफ करणं, मध्यरात्री गरम पाणी. सकाळी मुकादमाला फोन: यांच्या अंगात कणकण आहे, आज येत नाहीत. घरातल्या सगळ्यांचं सगळं लक्ष, राग आणि कष्ट त्या घटकेला वाहिलेले. आता दुसरी संध्याकाळ. काही कारणाने तो न पिता येतो. कुणी बोलत नाही, कारण विश्वास नाही. किंवा सगळे एकदम बोलतात, कारण शुद्धीवरच्या माणसाला ऐकवायची संधी आजच मिळाली आहे: फीचं काय केलंस, माझ्या भावाचे पैसे कधी देणार, परवा शेजाऱ्यांसमोर काय तमाशा केलास. एकही वाक्य खोटं नाही, प्रत्येक वाक्याला पूर्ण हक्क आहे. पण परिणाम असा की त्या माणसाच्या आठवड्यातली सगळ्यात जड संध्याकाळ ही न पिता घरी आल्याची संध्याकाळ ठरते. मेयर्स यांची पद्धत हा क्रम उलटा करायला शिकवते. पिऊन आला तर वाद नाही, समजूत नाही, गरम ताट नाही, मुकादमाला फोन नाही. शांतपणे दुसऱ्या खोलीत जायचं. न पिता आला तर ताट मांडायचं, सोबत बसायचं, त्याला ज्यात रस आहे ते बोलायचं, आणि चुकून कधी तोच म्हणाला की हे असं चालणार नाही, तर त्या क्षणी हातात दवाखान्याचं नाव आणि वेळ तयार ठेवायची. ती तयारी आठवडाभर आधी झालेली हवी, कारण तसा क्षण अर्ध्या तासात निघून जातो.

'ही तर बक्षीस आणि शिक्षा झाली, माणसाला असं वागवायचं का' असा आक्षेप येतो. बक्षीस-शिक्षा आत्ताही चालूच आहे, फक्त उलट्या बाजूने. एवढंच उत्तर पुरेसं आहे.

वेळेचा हा भेद किती खोल जातो हे डायसल्फिरमच्या गोळीवरून दिसतं. १९४८ पासून दारूवर वापरात असलेलं हे औषध शरीरात दारूचं विघटन अर्ध्यावर अडवतं. गोळी घेतलेल्या माणसाने दारू प्यायली की चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळू शकतो. पाश्चात्त्य देशांत या गोळीचे निकाल फारसे उत्साहवर्धक नव्हते, कारण माणूस ती घेतच नाही. मुंबईत डी'सूझा पितापुत्रांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वर्षभराच्या अभ्यासात १०० पुरुषांना डायसल्फिरम किंवा नाल्ट्रेक्सोन हे दुसरं औषध दिलं. अट अशी की घरचं कुणीतरी सोबत येईल आणि गोळी घेतली जातेय हे पाहील. डायसल्फिरमवरचे १४ टक्के घसरले, नाल्ट्रेक्सोनवरचे ५६ टक्के. अभ्यास लहान होता, कोण काय घेतंय हे सगळ्यांना माहीत होतं, तेव्हा आकडे दगडावरची रेघ मानू नयेत. पण त्यातला घरच्या माणसाचा वाटा नजरेआड करता येत नाही. सकाळी चहाबरोबर बायको गोळी आणि पाण्याचा पेला पुढे करते, तो तिच्यासमोर गिळतो. दोघांनी डॉक्टरांसमोर कबूल केलेला हा व्यवहार दिवसातून एकदा, शुद्धीच्या घटकेला, अर्ध्या मिनिटात उरकतो. त्यानंतर दिवसभर तिला त्याचा खिसा चाचपावा लागत नाही, तोंडाचा वास घ्यावा लागत नाही, आणि त्याला संध्याकाळी मनाशी पन्नास वेळा झगडावं लागत नाही. पाळत तीच, पण संध्याकाळची सकाळी आणल्यामुळे तिचं स्वरूप बदललं.

हेच औषध न सांगता दिलं की काय होतं ते पाहा. 'पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा' अशा जाहिराती एसटी स्टँडच्या भिंतींवर आणि छोट्या जाहिरातींच्या रकान्यांत वर्षानुवर्षं दिसतात, आणि कित्येक बायका भाजीत, चहात काय काय मिसळतात. पुडीत डायसल्फिरम असेल तर हा सरळ जिवाशी खेळ आहे. बेसावध माणूस नेहमीइतकी पिणार, आणि हृदयाचा किंवा यकृताचा विकार असेल तर तो दगावूही शकतो. गोळी बंद केल्यावरही तिचा परिणाम आठवडा-दोन आठवडे टिकतो. कुणाला असं करावंसं वाटलं, तर त्यामागची अगतिकता मला कळते. पण ही मदत शुद्धीच्या घटकेला त्याच्याशी न बोलता, पिण्याच्या घटकेवर टाकलेला सापळा आहे, आणि पुढे कधी तो स्वतः उपचाराला तयार झाला तरी घरच्या हातचा पेला त्याला घ्यावासा वाटणार नाही.

परदेशातल्या पद्धतीपुढे आपल्या घरांची एक खास अडचण उभी राहते. तिथे सहसा एका माणसाने ठरवलं की ठरलं. आपल्याकडे बायकोने गरम ताट वाढायचं नाही असं ठरवलं, तर सासू उठून वाढते. बायको पैसे देत नाही म्हणून आई पेन्शनमधले काढून देते, 'निदान बाहेर हात पसरणार नाही' म्हणून. धाकटा भाऊ गुत्त्याचं बिल भागवतो, कारण घराण्याची लाज. एका घरात तीन धोरणं चालतात, आणि पिणारा माणूस त्यांच्यामधली वाट अचूक शोधतो. मग ज्या बाईने ठामपणा दाखवला तीच कजाग ठरते. त्यामुळे आपल्याकडे पहिलं काम आई, बायको आणि भाऊ यांना पिणाऱ्याच्या गैरहजेरीत एका खोलीत बसवण्याचं आहे. यात आईला 'तुम्हीच लाडावून ठेवलंत' म्हणणं निरुपयोगी आहे. ती पैसे द्यायचे थांबवणार नाही. पण ते पैसे त्याच्या हाती न देता डॉक्टरांच्या फीला, गोळ्यांना, उपचार केंद्रापर्यंतच्या गाडीभाड्याला द्यायला ती सहसा तयार होते. तिला मदत करायचीच आहे. मदतीची वेळ तेवढी बदलायची.

दाखल होऊन परतल्यानंतरच्या काळाबद्दल आपल्याकडे जवळजवळ बोललंच जात नाही. मुक्तांगणसारख्या केंद्रांची कथा, १९८६ ची सुरुवात, अवचट दांपत्य, पुलं आणि सुनीताबाईंची देणगी, हे सगळं मराठी वाचकाला पाठ आहे. पण महिना-सव्वा महिना तिथे काढून माणूस ज्या दिवशी घरी येतो, त्या दिवसापासून घरच्यांनी काय करायचं, हे पाठ नाही. घराला वाटतं, काम झालं. खरं तर व्यसनात परत घसरण्याचं प्रमाण ४० ते ६० टक्के सांगितलं जातं, उच्च रक्तदाब किंवा दम्याच्या रुग्णांत आजार उलटण्याच्या प्रमाणाच्या आसपास. रक्तदाब वाढला तर आपण त्याला विश्वासघात म्हणत नाही. इथे मात्र एका घोटाला 'शेवटी तू तोच' असं म्हणतो. शिवाय आता रोजच संध्याकाळी तो शुद्धीवर असतो, म्हणजे जुना हिशेब मांडायला रोजच संधी असते. हा हिशेब मांडायचाच नाही का? मांडायला हवा. पंधरा वर्षांचा राग गिळून टाका असं सांगणं म्हणजे पुन्हा सिंधूच. पण त्याला वेगळी वेळ आणि वेगळी जागा लागते. मुक्तांगणमधला बायकांचा 'सहचरी' गट, ठिकठिकाणच्या अल-अनॉनच्या सभा यांचं मोल मला इथे फार वाटतं. 'अलिप्त व्हा' हा सल्ला घेण्यासाठी तिथे जावं असं नाही. जे बोललंच पाहिजे ते घरातल्या त्या नाजूक संध्याकाळी न बोलता कुठे बोलता येईल, याची ती सोय आहे.

सगळ्यात गंभीर आक्षेप स्त्रियांच्या बाजूने येतो, आणि त्याला मी घाईने उत्तर देऊ इच्छित नाही. पितो तो, आणि वेळ साधायची तिने, ताट मांडायचं तिने, गोळी द्यायची तिने, राग वेगळ्या जागी न्यायचा तिनेच. हे जुन्या ओझ्याला दिलेलं नवं शास्त्रीय नाव नाही का? घरात मारहाण असेल तर हा आक्षेप पूर्ण बरोबर आहे. राष्ट्रीय कौटुंबिक आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत, ज्यांचे नवरे वारंवार पिऊन झिंगतात अशा सुमारे ७० टक्के विवाहित स्त्रियांनी शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसल्याचं सांगितलं. नवरा पीत नसेल तर हेच प्रमाण सुमारे २३ टक्के. हात उगारणाऱ्याच्या घरात वेळेचा भेद शिकवत बसणं गुन्हा ठरेल. तिथे आधी सुरक्षित जागा, कौटुंबिक हिंसेविरुद्धच्या २००५ च्या कायद्याखालचं संरक्षण, आणि निघून जायचं असेल तर जाण्याचा निर्विवाद हक्क. मेयर्स यांची पद्धतही सुरू होते ती हिंसेचा अंदाज घेण्यापासूनच. पण जिथे मारहाण नाही आणि बाईला स्वतःलाच ते घर आणि तो माणूस हवा आहे, तिथे 'तुझं काही चालणार नाही' असं तिला सांगणं तिच्या बाजूचं कसं ठरतं, हे मला उमगत नाही. कष्ट ती आजही करते आहे. ते फुकट जाणार नाहीत अशा घटकेला कसे वळवायचे हे तिला माहीत असायला हवं. आणि निघून जायचं ठरलं तरी, तो निर्णय त्या रात्रीच्या भांडणातून न होता सकाळी, शुद्धीत, भावाला आणि वकिलाला विचारून झालेला असावा. पिणारी जेव्हा बाई असते तेव्हा तर बहुतेक वेळा सोबतीला येणारा नवराच नसतो, आई किंवा बहीण असते. ती बाजू स्वतंत्र लेख मागते.

हे सगळं आपल्याकडे जमण्यासारखं आहे, यालाही आधार आहे. गोव्यात 'संगत' या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या पिणाऱ्या पुरुषांना, तज्ज्ञ नसलेल्या पण नीट शिकवलेल्या समुपदेशकांकडून मोजकी सत्रं दिली. २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या निकालांत तीन महिन्यांनी धोक्याबाहेर आलेल्यांचं प्रमाण ३६ टक्के होतं, नेहमीच्या उपचारांत २६ टक्के. मनोविकारतज्ज्ञ जिल्ह्याच्या ठिकाणीही दुर्मीळ असताना हे महत्त्वाचं आहे. त्याच संस्थेने पुढे ऑर्फर्ड आणि सहकाऱ्यांच्या पद्धतीला धरून फक्त घरच्यांसाठी, पिणारा येवो न येवो, असा कार्यक्रम बांधायला घेतला. आपल्या सरकारी रुग्णालयांच्या व्यसनमुक्ती विभागात मात्र बाई एकटी आली, की तिला बहुधा एकच वाक्य ऐकायला मिळतं: पेशंटला घेऊन या. पेशंट येत नाही म्हणूनच ती आलेली असते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारू आणि अमली पदार्थांशी निगडित मानसिक अवस्थांना मानसिक आजारात धरलं, पण रुग्ण समोर आल्याशिवाय खिडकीवरचं काम सुरू होत नाही. ते बदलायला नवी इमारत लागत नाही. आठवड्यातला एक दिवस, एक शिकवलेला समुपदेशक, आणि खिडकीवर तिच्या स्वतःच्या नावाने निघालेला केसपेपर एवढं लागतं. ती आजारी आहे म्हणून तो काढायचा नाही. निदानाची ओळ कोरी ठेवावी. पुढच्या गुरुवारी ती परत येईल तेव्हा मधल्या आठवड्यात कोणत्या संध्याकाळी तो न पिता आला आणि घरात कोण काय बोललं, हे त्या कागदावर लिहिलेलं असावं, म्हणजे समुपदेशकाला तिथून पुढे बोलता येईल.